उद्यमनगरातली उसनवारी

एम चोवीस बाय दोनचा थ्रेड प्लग गेज बाजारात विकत मिळतो, पण रात्री अकराला मिळत नाही. रात्री अकराला तो फक्त मागून मिळतो. आणि ज्याच्याकडं मागायचा तो बहुतेक वेळा आपला स्पर्धकच असतो, कारण तसला गेज घरात ठेवायची गरज आपल्यासारखंच काम करणाऱ्याला पडते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात धंदा करायचा तर ही गोष्ट आधी पचवावी लागते.

गेज म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेला पोलादाचा तुकडा. एक टोक भोकात फिरत फिरत पूर्ण आत गेलं पाहिजे, त्याला ‘गो’ म्हणतात. दुसरं आत जाता कामा नये, ते ‘नो-गो’. नो-गो आत गेला तर जॉब भंगारात. गेज हातात नसेल तर माल कितीही चांगला असो, तो ‘ओके’ म्हणून गाडीत चढवता येत नाही. आमचा गेज एकदा कॅलिब्रेशनला गेला होता आणि सकाळी सहाला गाडी लागायची होती. दोन गल्ल्या सोडून एकांचं शॉप आहे. ज्या पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीचं, काम आम्ही करतो, त्याच पार्टीचं, त्याच जातीचं काम ते करतात आणि दर वर्षी आम्ही दोघं एकमेकांच्या पुढं-मागं कोटेशन देतो. त्यांना फोन केला. “पोराला पाठव, ड्रॉवरमध्ये आहे,” एवढंच म्हणाले. माल कुणाचा, किती नग, काही विचारलं नाही. सकाळी दहाच्या आत गेज पुसून, तेलाचा हात फिरवून, त्याच्याच डबीत घालून परत गेला पाहिजे, हे मलाही कुणी सांगितलं नाही.

ह्याला मी मैत्री म्हणते. गळ्यात गळे घालणारी नव्हे. गेज देणाऱ्या ह्या काकांच्या घरी मी आजवर एका लग्नापलीकडं गेलेले नाही.

माझं शॉप लहान आहे. दोन सीएनसी टर्निंग मशिन, एक व्हीएमसी आणि वडिलांच्या, म्हणजे आबांच्या वेळचं एक लेथ. फौंड्रीतून आलेल्या ओतीव मालाला आम्ही मशिनिंग करतो: ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, बेअरिंगच्या कॅपा, पंपाची हाउसिंगं. वाचकांना वाटेल, एखादा पंप कुठल्यातरी एका कारखान्यात बनत असेल. आमच्याकडं तसं नसतं. पॅटर्न एक जण करतो. वाळूचे कोअर दुसरीकडं होतात. फौंड्री त्यात लोखंड ओतते. थंड झालेल्या मालाच्या कडा घासायचं फेटलिंग कुणी तिसराच करतो, मशिनिंग आम्ही, रंग किंवा प्लेटिंग आणखी कुणी, आणि लाकडी खोकं पाचव्या गल्लीतला सुतार ठोकतो. एक नग पार्टीकडं पोचेपर्यंत अर्ध्या उद्यमनगराचा हात त्याला लागलेला असतो. त्यामुळं शेजारी माझा स्पर्धक असतो आणि त्याच आठवड्यात माझा गिऱ्हाईकही असतो. त्याचं शॉप बंद पडलं तर एक स्पर्धक कमी झाला म्हणून मला हसू येणार नाही. दुसऱ्या दिवशी टूल होल्डर कुणाकडून आणायचा?

ही वीण काही वर्षा-दोन वर्षांची नाही. शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, १९०६ साली कापडाची गिरणी काढली, तिथपासून ह्या गावाला यंत्रांची सवय लागली. पुढं उसाच्या चरकांची आणि विहिरीवर बसवायच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता मिस्त्री लोकांनी स्वतःच इंजिनं बनवायला घेतली. गावोगाव वीज आली, इंजिनं मागं पडली, आणि तीच माणसं, त्यांचीच मुलं मोटारींच्या आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांकडं वळली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती झाल्या, स्मॅक, गोशिमा अशा संघटना झाल्या, फौंड्रीवाल्यांनी क्लस्टर केला. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८९० सालच्या ग्रंथात शेफील्डसारख्या गावांबद्दल लिहून ठेवलंय की, एकाच धंद्याची माणसं जवळजवळ राहिली की धंद्यातल्या खुब्या लपून राहत नाहीत, पोरांना त्या न शिकवताच कळतात. मार्शलसाहेबांना उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर बसवलं असतं तर ग्रंथ जरा लवकर झाला असता.

आता पैशाचं सांगते, कारण गेजची उसनवारी किरकोळ, खरी उसनवारी दिवसांची असते. माल आज गेला, बिल आज निघालं. पैसे साठ, नव्वद, कधी एकशेवीस दिवसांनी. कायदा पूर्ण आमच्या बाजूनं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार आमच्यासारख्यांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढीनं. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराचं ४३ बी (एच) कलम लागू झालं: मुदतीत पैसे चुकते केले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या हिशेबात वजा करता येत नाही. तक्रारीला २०१७ साली ‘समाधान’ नावाचं सरकारी पोर्टलही निघालं. तरी माझ्या ओळखीत त्यावर तक्रार केलेले फार थोडे. एका पार्टीनं आमचे पैसे सात महिने अडवून ठेवले होते. तक्रार केली असती तर कदाचित व्याजासकट मिळाले असते, आणि त्यानंतर त्यांचं एकही चलन माझ्या दारात आलं नसतं.

तोवर इकडं पगाराची सात तारीख येते. लाइट बिल, इन्सर्टचा म्हणजे मशिनवरच्या कापायच्या पात्यांचा डीलर, बँकेचा हप्ता, कुणाचं थांबत नाही. पार्टीनं पैसे दिले नसले तरी काढलेल्या बिलावरचा जीएसटी भरायचाच. मग फोन होतो. “शनिवारपर्यंत दोन टाकतोस का?” दोन म्हणजे दोन लाख. व्याज नाही, कागद नाही. आपापल्या डायरीत दोघांनी लिहून ठेवायचं. नियम एकच, आणि तो फार कडक आहे: शनिवारी जमणार नसेल तर शुक्रवारी आपण होऊन फोन करायचा. उशीर आमच्यात माफ असतो. फोन न उचलणं माफ नसतं. एकदा एकानं चार दिवस फोन उचलला नाही. पैसे त्यानं नंतर पैन् पै दिले, पण त्याला कुणी पुन्हा हातउसने दिलेले मला माहीत नाहीत.

रक्कम मोठी लागत असेल तर भिशी. आमची बारा जणांची लिलाव भिशी आहे. प्रत्येकी २५ हजार, म्हणजे महिन्याला तीन लाखांचा गल्ला. ज्याला नड आहे तो बोली लावतो: मी दोन लाख शहात्तर हजारांत उचलतो. त्यानं सोडलेले २४ हजार बारांत वाटले जातात, म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकाला २५ ऐवजी २३ हजारच भरावे लागतात. नडलेल्याला बँकेच्या पायऱ्या न झिजवता रोख मिळते आणि न नडलेल्याला थोडं व्याज सुटतं. १९८२ चा चिट फंड कायदा अशा गोष्टींना नोंदणी मागतो आणि घरगुती भिशा बऱ्याचदा तशाच चालतात, हे सांगायला हवं. भिशी बुडाली तर कुठल्या कोर्टात जाणार? म्हणूनच बारावा माणूस निवडताना अकरा जण महिनाभर खल करतात. कुठली बँक कर्जदाराची एवढी चौकशी करत असेल असं मला वाटत नाही. त्याचं टर्नओव्हर कुणी विचारत नाही. त्याच्याकडची पोरं किती वर्षं टिकतात, बायकोच्या माहेरी त्याच्याबद्दल काय बोलतात, असलंच सगळं विचारतात.

जामीन राहण्याबाबत मात्र आबांचं म्हणणं वेगळं. “रोख दे, परत न येण्याची तयारी ठेवून दे. जामीन राहू नको.” ह्याला इतिहास आहे. ऑइल इंजिनाचे पार्ट करणारे त्यांचे एक मित्र होते. त्यांना सहकारी बँकेचं कर्ज हवं होतं, आबा जामीन राहिले. इंजिनाची मागणी बसली, मित्राचे हप्ते थकले आणि बँकेची नोटीस आमच्या दारात आली. लोकांना वाटतं, जामीनदार म्हणजे नुसती साक्षीची सही. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आणि बँकेनं आधी कर्जदाराचं सगळं विकून बघावं, मग तुमच्याकडं यावं, असंही बंधन नाही. आबांनी हप्ते भरले. आईनं त्या काळात नवी साडी घेतली नाही, हे ती अजून सांगते.

त्या मित्राकडं पैसे कधीच आले नाहीत. शॉप बंद करताना त्यांनी आपलं लेथ आमच्याकडं लावून दिलं. तेच हे आबांच्या वेळचं लेथ. चकाजवळ त्याचा बेड झिजलाय, त्यामुळं लांब जॉबला टेपर येतो. फेसिंग आणि बारीकसारीक बुशं तेवढी त्यावर होतात. लेथ घेऊन हिशेब मिटला असं आबा कधी म्हणाले नाहीत आणि त्या मित्रानंही तसं म्हटलं नाही. दिवाळीला फराळाचा डबा येतो, आमचा जातो. मला विचाराल तर हिशेब मिटवून टाकला असता तर डबेही थांबले असते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, किती छान, सगळे एका कुटुंबातले. मग मी धंद्यात आले तेव्हाचं सांगायला पाहिजे. डिप्लोमा मेकॅनिकलचा, मशिन चालवता येत होतं, आबा थकले होते. पण उद्यमनगरातली खरी माहिती संध्याकाळी चहाच्या टपरीवर फिरते: कुठली पार्टी डबघाईला आलीय, कुणाचं मशिन विकायला निघालंय, कुठल्या फौंड्रीच्या मालात हल्ली ब्लोहोल निघतायत. मी तिथं गेले की बोलणं थांबायचं. “या ताई, आबा बरं हाईत न्हवं?” झालं. पुढची दहा मिनिटं आबांचा गुडघा. माणसं वाईट नव्हती, उलट फार अदबीनं वागायची. त्या अदबीनंच मला बाहेर ठेवलं होतं.

दार उघडलं ते एका अलार्मनं. शेजारच्या शॉपमध्ये रात्रपाळीला नव्या मशिनवर थ्रेडिंगचा प्रोग्रॅम अलार्म देऊन अडकला. सेटर सुट्टीवर, मालक परगावी, आणि ऑपरेटर पोरगा धावत आमच्याकडं आला. मी जाऊन सायकल पुन्हा लिहिली, पहिला जॉब काढून गेज लावून दाखवला आणि घरी आले. त्यानंतर टपरीवर न जाताच मला फोन यायला लागले. पहिल्यांदा प्रोग्रॅमसाठी, मग “ही पार्टी कशी आहे?” म्हणून, मग भिशीसाठी. आपल्याला मदत मागता येण्याआधी कुणाच्या तरी उपयोगी पडावं लागतं, हे बायकांच्या बाबतीत तर दुपटीनं खरं आहे. मला त्याचा रागही येतो. टपरीवरच्या निम्म्या पुरुषांना कसलीही परीक्षा न घेता बसू दिलं होतं.

त्यातूनच आम्हा चौघींचं जमलं. एक गोकुळ शिरगावात पुठ्ठ्याची खोकी बनवते, एकीची कँटीन आहे, एक शॉपवाल्यांची जीएसटीची कामं करते, आणि मी. आमचा एक ठराव आहे: कर्जाच्या कामाला बँकेत कुणी एकटीनं जायचं नाही. एकटी गेलं की समोरचा विचारतो, “साहेब कधी येतील?” दोघी गेलो की तो प्रश्न होत नाही, आणि दुसरी शेजारी बसून काय काय कागद मागितले ते लिहून घेते. खोकीवालीला तारण न देता सरकारच्या हमी योजनेतून कर्ज मिळू शकतं, हे कँटीनवालीनं बँकेतल्या साहेबांना शांतपणे सांगितलं. योजना २००० सालापासून आहे, पण कुणीतरी काढून दाखवावी लागते.

पुण्या-मुंबईत उद्योजकांचे क्लब निघालेत, तेही मी पाहिलेत. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेलं बीएनआय आहे, माधवराव भिड्यांनी मराठी माणसांसाठी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे. बीएनआयमध्ये सकाळी जमायचं, प्रत्येकानं आपला धंदा मिनिटभरात सांगायचा आणि एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवायची. एका गटात एका धंद्याचा एकच सभासद, ही त्यांची अट. अट शहाणपणाची आहे, त्यातून अनेकांना कामं मिळतात. फक्त मला तिथं करमलं नाही. टाइल्सवाल्याला आणि दाताच्या डॉक्टरांना माझ्याबद्दल आपुलकी वाटायला काय हरकत आहे? पण माझा गेज त्यांच्याकडं नसतो.

आमच्या मैत्रीची एक बाजू मात्र मला खटकते. दुसऱ्याचा कामगार पळवायचा नाही, हा इथला पक्का रिवाज. एखादा ऑपरेटर नोकरी मागायला आला की आधी त्याच्या जुन्या मालकाला फोन जातो: “तुझा पोरगा आलाय, घेऊ का?” मालकामालकांत ह्यानं गोडी राहते. पण त्या पोराच्या बाजूनं बघा. दोन हजार जास्त मिळतील म्हणून तो आला आणि दोन मालकांनी फोनवर ठरवून टाकलं की तो आहे तिथंच बरा. मी हा फोन करणं सोडलंय. त्यावरून एक-दोघांनी तोंड वाकडं केलं, ते अजून सरळ व्हायचंय.

२०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात ह्या सगळ्याची कसोटी लागली. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि आठवडाभर रस्ता बंद राहिला. आमचं शॉप नदीच्या अलीकडं, फौंड्री पलीकडं शिरोलीत. ओतीव माल तिकडं, मशिन इकडं, आणि पार्टीची लाइन थांबायची वेळ आलेली. फौंड्रीवाल्यांनीच सुचवलं: शेजारी एकाचं मशिन रिकामं आहे, वरच्या अंगाच्या गावांतली पोरं कामावर येतायत, त्याच्याकडून करून घेऊ? मी ड्रॉइंग, प्रोग्रॅम, फिक्श्चरचे फोटो सगळं फोनवरून पाठवलं. पाठवताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. ड्रॉइंगवर पार्टीचं नाव असतं. तो माणूस उद्या सरळ त्यांच्याकडं जाऊन पाच रुपये कमीनं कोटेशन देऊ शकत होता. लाइट येत-जात होती, तरी त्यानं जमेल तसा माल काढला, आमच्या नावाचं लेबल लावून ठेवला, आणि रस्ता सुटला त्या दिवशी तो गाडीत चढला. पार्टीला बिल माझं गेलं, त्याला जॉबवर्कचे पैसे मी दिले. त्यानं ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त लावला नाही. पुढं मी त्याला विचारलं, पार्टीकडं गेला का नाहीस? म्हणाला, “गेलो असतो तर पुढच्या पुरात मला कोण पाठवणार होतं ड्रॉइंग?”

आता अलीकडचं. आमच्याकडचा सेटर नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला निघाला. उद्यमनगरात हे नेहमीचंच, निम्मे मालक कधीतरी कुणाचे तरी कामगार होते. त्यानं जुनं सीएनसी घेतलं, पहिला लॉट मीच दिला. थोड्याच दिवसांत एका नव्या पार्टीनं दोघांकडंही कोटेशन मागितलं. माझं नगाला ५२ रुपये. त्याचं ३८ असल्याचं कानावर आलं. फोन लावला.

“इन्सर्टचा एक कोपरा किती नगांना धरलास?”

“पाचशे.”

“ओतीव मालाला? कातडीवर वाळू भाजून बसलेली असते, दोनशेला जातो. आणि रिजेक्शन? आणि तुझा स्वतःचा पगार कुठं धरलायस?”

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, “पगार धरायचा असतो व्हय, ताई?”

त्यानं रेट सुधारून दिला. ऑर्डर त्याला मिळाली नाही, मलाही नाही; पुण्याच्या कुणा तिसऱ्यालाच गेली. गेल्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला: स्पिंडलचं बेअरिंग गेलंय, मशिन उभं आहे, एक लॉट काढून देता का?

“देते की. रेट काय धरू?”

“तुम्हीच सांगा.”

“मग दोनशेला कोपरा धरून सांगते,” म्हटलं.